चावी कोणाकडे आहे, तिथून सुरुवात करा

कॅम्पसच्या सुरक्षा समितीच्या समन्वयकाचं काम कोणी मागून घेत नाही. ते एका ओळीच्या पत्राने येतं: ‘आपल्या मूळ कामाव्यतिरिक्त पुढील आदेश होईपर्यंत…’ मला ते आलं तेव्हा सोबत एक फाइलही आली. तिच्यात अग्निशामक सिलिंडर भरल्याची बिलं होती आणि ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, हात पुढे करून शपथ घेतानाचे फोटो होते. सात वर्षांचे फोटो, शपथ तीच, माणसंही बहुतेक तीच. केस तेवढे पांढरे होत गेलेले.

असं पत्र हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय करायचं, ते इथे सांगतो. मी मूळचा रसायनशास्त्राचा मास्तर, त्यामुळे प्रयोगशाळेवर जरा जास्त रेंगाळेन, ते सांभाळून घ्या.

कारखान्यात हजार किंवा त्याहून जास्त कामगार असले की सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. आपल्याकडे एका कुंपणात दहा-दहा हजार माणसं वावरतात. तिथे ॲसिडचं कोठार असतं, उपाहारगृहाची गॅस बँक असते, वसतिगृह असतं, वर्कशॉप असतं, झाडी आणि तिच्यातले साप असतात. आणि बहुतेक ठिकाणी या सगळ्याकडे पाहायला एक समिती असते, जी वर्षातून दोनदा चहा पिते. बरं, विभागांच्या आत कोणी ना कोणी लक्ष ठेवून असतं. गडबड होते ती दोन विभागांच्या मधल्या जागेत, जिथे विचारलं की उत्तर येतं, “ते आमच्याकडे येत नाही.” समन्वयकाचं खरं काम त्या जागा शोधून प्रत्येकीवर एका माणसाचं नाव लिहिणं हे आहे.

पहिला आठवडा: चाव्यांचा बोर्ड

सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये चाव्यांचा बोर्ड असतो. त्याच्यासमोर वही घेऊन बसा. प्रत्येक चावीपुढे तीन रकाने करा: खोली कुठली, आत काय आहे, आणि रात्री दोन वाजता तिथून धूर आला तर फोन कोणाला करायचा. तिसऱ्या रकान्यात ‘विभागप्रमुख’ असं लिहू नका. नाव आणि मोबाइल नंबर लिहा.

मग हेच काम उलट्या बाजूने करा. इमारतीत फिरून कुलूप दिसेल त्या प्रत्येक दाराला नंबर द्या आणि बोर्डवरच्या चाव्यांशी ताडून पाहा. चावीच नसलेली दारं हमखास निघतात. आमच्याकडे अकरा निघाली. त्यातलं एक जिन्याखालचं होतं. कुलूप तोडल्यावर आत गणेशोत्सवाच्या आराशीचं थर्माकोल छतापर्यंत रचलेलं, त्याच्या पायथ्याशी ऑइलपेंटचे अर्धवट डबे आणि मागच्या भिंतीवर आख्ख्या इमारतीचा मुख्य स्विचबोर्ड. वायरमन म्हणाला, “सर, मी दर वेळी त्या खिडकीतून हात घालूनच फ्यूज बदलतो.”

बंद खोली किती महाग पडू शकते याचं उदाहरण दिल्ली विद्यापीठात घडलेलं आहे. रसायनशास्त्र विभागात कॅनडातून आणलेलं, कोबाल्ट-६० असलेलं एक गॅमा किरणोत्सारी यंत्र होतं. १९८५ नंतर ते वापरात नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये जुनं सामान म्हणून त्याचा लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली आणि एक माणूस दगावला. यंत्रात काय आहे हे ठाऊक असणारं कोणीच त्या लिलावाच्या कागदावर सही करायला नव्हतं, हीच यातली मेख. म्हणून निर्लेखन (जुनं सामान नोंदीतून काढून टाकणं) आणि भंगाराच्या प्रत्येक प्रस्तावावर एक ओळ वाढवून घ्या: ‘यात किरणोत्सारी स्रोत, पारा, रसायन, गॅस किंवा दाबाचं पात्र नाही, याची मी स्वतः पाहून खात्री केली आहे’, आणि त्याखाली नाव. ही ओळ आल्यावर आमचे दोन प्रस्ताव आपोआप मागे घेतले गेले.

चावी नसलेल्या जागांचीही यादी हवी: गच्ची, पाण्याच्या टाक्यांची झाकणं, लिफ्टची मशीनरूम, जनरेटर, ट्रान्सफॉर्मरचं कुंपण, सेप्टिक टँक, तळघर. तळघराला हलक्यात घेऊ नका. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरात ग्रंथालय चालू होतं. रस्त्यावरचं पाणी आत घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. आपल्या तळघरात अभ्यासिका, रेकॉर्ड रूम किंवा झेरॉक्सवाला बसतो का, हे पावसाळ्याआधी पाहा.

फेरी कोणाबरोबर मारायची

प्राचार्य किंवा कुलसचिवांबरोबर पहिली फेरी मारू नका. ते सोबत असले की सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं आणि प्रत्येक जण ‘सगळं व्यवस्थित आहे सर’ म्हणतो. पहिली फेरी वायरमन, सफाईचा मुकादम आणि त्या इमारतीचा सर्वांत जुना लॅब अटेंडंट, अशा तिघांबरोबर मारा. एकदा सकाळी सातला, सफाई चालू असताना. एकदा दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना. आणि एकदा रात्री दहानंतर, पीएचडीची मुलं एकटी काम करत असताना. कॅम्पसचे हे तीन अवतार एकमेकांना ओळखतही नाहीत.

तपासणीचे छापील तक्ते वापरायला हरकत नाही, पण माणसाला विचारायचे प्रश्न दोनच: “इथे काम करताना तुम्हाला कशाची भीती वाटते?” आणि “मागच्या वेळी इथे काय झालं होतं?” अटेंडंट तुम्हाला अशा गोष्टी सांगेल ज्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत. कुठल्या फ्रीजच्या मुठीला शॉक बसतो, कुठल्या बेसिनचा पाइप खाली बादलीत सुटतो, कुठल्या सरांच्या कपाटातून वास येतो.

सापडलेल्या गोष्टींना गुण देण्याची पद्धत पुस्तकात असते: संभाव्यता गुणिले तीव्रता. ती शिकून घ्या, ऑडिटला लागते. रोजच्या कामाला मात्र तीन याद्या पुरतात. पहिली, आजच बंद करायचं: उघडी वायर, साखळीशिवाय उभा सिलिंडर, कुलूप घातलेला आपत्कालीन दरवाजा. याला पैसे लागत नाहीत, फक्त वाईटपणा घ्यावा लागतो. दुसरी यादी या महिन्यात, किरकोळ खर्चातून उरकायची. तिसरी अर्थसंकल्पात मागायची. तिचे प्रस्ताव दरपत्रकांसकट वेळेवर गेले नाहीत तर एक वर्ष वाया जातं. मार्च एंडला उरलेल्या पैशांतून सुरक्षेचं सामान घेऊ नका. तेव्हा मिळेल ते येतं, आणि मग कपाटात विशीच्या मुलींसाठी पुरुषी हाताच्या मापाचे चारशे हातमोजे पडून राहतात.

उपाय निवडतानाचा क्रमही ठरलेला आहे. आधी धोका काढूनच टाकता येतो का ते पाहा, मग सौम्य पर्याय, मग यंत्रणेची सोय, मग नियम आणि पाट्या, आणि अगदी शेवटी हातमोजे-चष्मा. आपल्याकडे गाडी बहुतेक शेवटून सुटते. अकरावी-बारावीच्या क्षार-परीक्षणासाठी किप उपकरणातून (वायू तयार करायच्या काचेच्या भांड्यातून) हायड्रोजन सल्फाइड सोडून आख्खा मजला दर्पाने भरवण्यापेक्षा थेंबभर प्रमाणातली पद्धत वापरली, तर मास्क कोणते घ्यायचे हा प्रश्नच उरत नाही.

रसायनांचं कोठार

इथे तीन दिवस काढा. जास्त लागले तरी काढा.

बहुतेक कोठारांत बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेल्या असतात, कारण साठ्याचं रजिस्टर तसं असतं आणि तपासणीला सोपं जातं. आता ‘एच’च्या फळीकडे पाहा. हायड्राझीन हायड्रेट, हायड्रोक्लोरिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड, शेजारी शेजारी. हायड्राझीन आणि तीव्र पेरॉक्साइड एकत्र आले की ठिणगीही लागत नाही, आपोआप पेट घेतात. रॉकेटमध्ये ही जोडी मुद्दाम वापरली गेली आहे. आपण ती फळीवर ठेवतो, खाली मुंग्यांची पावडर.

लावण्याची रीत स्वभावानुसार हवी. आम्लं एकीकडे, आम्लारी दुसरीकडे. पेटणारे द्रावक वेगळ्या, शक्यतो लोखंडी कपाटात. ऑक्सिजन पुरवणारी म्हणजे नायट्रेट, परमँगनेट, पेरॉक्साइड वगैरे द्रावकांपासून लांब. पाण्याशी भडकणारी, जसं सोडियम, पाण्याच्या नळापासून आणि गळक्या छतापासून दूर. नायट्रिक ॲसिड इतर आम्लांमध्येही एकटंच ठेवा, विशेषतः ॲसिटिक ॲसिडजवळ नको. द्रवाच्या बाटल्या डोळ्यांच्या उंचीवर कधीच ठेवू नका. ॲसिडची अडीच लिटरची बाटली वरच्या फळीवरून काढताना हात निसटला तर ती कुठे पडते याचा विचार करा.

त्यानंतर जुन्या बाटल्या. लेबल नसलेल्या बाटल्यांना वास घेऊन ओळखणारे ज्येष्ठ प्रत्येक विभागात असतात. त्यांना आदराने थांबवा. दोन गोष्टींना तर हातही लावायचा नाही. पिक्रिक ॲसिड पाण्याखाली ओलं असेल तोवर ठीक असतं, सुकलं की स्फोटक होतं, आणि झाकणाच्या आट्यांत सुकलेले कण असतील तर झाकण फिरवणं पुरेसं ठरतं. डायएथिल इथरच्या जुन्या, उघडून ठेवलेल्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइड साचतात; झाकणापाशी किंवा तळाशी स्फटिक दिसले तर बाटली हलवू नका. खोली बंद करा, दारावर पाटी लावा, जाणकार बोलवा. यापुढे मात्र इथरच्या प्रत्येक बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख मार्करने लिहायची सवय लावा. दहा रुपयांचा मार्कर लागतो.

टाकाऊ रसायन बेसिनमध्ये ओतणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. तो मोडायचा तर बेसिनशेजारी पर्याय दिसला पाहिजे: हॅलोजनयुक्त (क्लोरोफॉर्मसारखे) द्रावक, हॅलोजनविरहित द्रावक, आम्लं, जड धातू, असे वेगवेगळे कॅन, प्रत्येकावर काय ओतलं याची चिठ्ठी. नायट्रिक ॲसिडचं उरलेलं पाणी द्रावकाच्या कॅनमध्ये गेलं तर वायू तयार होऊन कॅन फुटतो, आणि तो फुटतो रात्री, सगळे घरी गेल्यावर. साठलेला घातक कचरा नियमानुसार साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घेऊन तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा असतो. एकट्या विभागाचा माल थोडा असतो म्हणून गाडी यायला कुरकुर होते; सगळ्या विभागांचा, जमलं तर शेजारच्या कॉलेजचाही, एका दिवशी एकत्र करा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांचा जैववैद्यकीय कचरा मात्र वेगळा: पिवळा, लाल, पांढरा, निळा अशा चार रंगांच्या पिशव्या-डबे, आणि ४८ तासांच्या आत बाहेर.

फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून घेणारं काचेच्या दाराचं कपाट, त्याबद्दल एक. पंखा फिरतोय आणि हवा ओढली जातेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिश्यू पेपरची पट्टी काचेच्या खालच्या कडेला धरा. ती आत झुकली पाहिजे. आमच्याकडे एका हूडमध्ये ती बाहेर झुकली. वर गच्चीवर जाऊन पाहिलं तर नळकांड्याच्या तोंडात कबुतरांनी संसार मांडलेला. मोजमाप करायचं तर तोंडापाशी हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असावा.

कपड्यांवरून मुलांशी वाद होतो, विशेषतः मे महिन्यात. त्यांना लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली २००८ सालची घटना सांगा. २३ वर्षांची संशोधन साहाय्यक हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगावर ॲप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. आपल्याकडे स्वेटरच्या जागी जॉर्जेटची ओढणी असते. ॲप्रन सुतीच हवा, ओढणी आत खोचलेली किंवा बाहेर टांगलेली, केस बांधलेले. डोळ्यात काही उडालं तर सलग १५ मिनिटं पाणी, घड्याळ लावून, कारण पहिल्या मिनिटानंतर मूल म्हणतं, “आता बरं वाटतंय सर.” डोळे धुण्याचा नळ दहा सेकंदांत गाठता आला पाहिजे आणि आठवड्यातून एकदा सोडून पाहिला पाहिजे, नाहीतर पहिल्यांदा गंजच बाहेर येतो.

सिलिंडर आणि द्रव नायट्रोजन

डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट झाला; एक संशोधक जागीच गेला, तिघे जखमी झाले. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या संस्थेत हे होऊ शकतं. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला, वापरात नसताना टोपी घातलेला हवा. तो गडगडवत किंवा लोळवत न्यायचा नाही, ट्रॉली घ्या. जळणारे वायू आणि ऑक्सिजन वेगवेगळे ठेवा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावणारा उत्साही फिटर प्रत्येक ठिकाणी असतो. त्याला स्वतः भेटून सांगा, पाटी पुरत नाही.

द्रव नायट्रोजनचा धोका दिसत नाही म्हणून एकदा आकडेमोड करून दाखवावी. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. खोली ४ बाय ४ मीटर, उंची ३. म्हणजे ४८ घनमीटर. २५ लिटरचं भांडं कलंडलं तर १७.५ घनमीटर वायू. खोलीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १३-१४ टक्क्यांवर येतो. १९.५ च्या खालीच हवा धोक्याची मानतात. गुदमरल्यासारखंही होत नाही, माणूस सरळ पडतो. म्हणून ते भांडं लिफ्टने न्यायचं तर एकटं न्यायचं: खालच्या मजल्यावर एकाने आत ठेवून बटण दाबायचं, वर दुसऱ्याने घ्यायचं, मधे कोणी चढू नये म्हणून भांड्याला पाटी अडकवायची.

ठेकेदाराची माणसं

माझी झोप सगळ्यात जास्त इथे उडते. प्रयोगशाळेत निदान शिकलेली माणसं असतात. गच्चीवर, झाडावर, टाकीत उतरतात ती ठेकेदाराची, आणि अपघात झाला की संस्था म्हणते, ‘तो आमचा कर्मचारी नव्हता.’ काम आपल्या आवारात, आपल्या फायद्याचं. कायद्यात आपण मुख्य नियोक्ता (काम करून घेणारे, म्हणून जबाबदार) आहोत आणि ‘आमचा नव्हता’ हे वाक्य टिकत नाही.

सेप्टिक टँक किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. याला ‘पण’ नाही. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावणं हा गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. घडतं ते नेहमी एकाच पद्धतीने: मैला उपसायचं मशीन उशिरा येणार असतं, वसतिगृहात तुंबलेलं असतं, रेक्टर फोनवर फोन करतात, आणि मुकादम एकाला म्हणतो, “जरा बघ रे काय अडकलंय.” तो उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास तर येतोच, असं म्हणणाऱ्यांना सांगा की प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच मरते. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. प्रत्येक झाकणाला कुलूप, चावी फक्त अभियंत्याकडे, आणि झाकणावर रंगाने लिहा: ‘आत उतरू नका. मशीन बोलवा’, खाली मशीनवाल्याचा नंबर.

उंचीवरचं, आगीचं (वेल्डिंगसारखं) आणि विजेचं काम सुरू करण्याआधी एका पानाचा परवाना ठेवा. पान मोठं करू नका, नाहीतर रविवारी एकगठ्ठा सह्या होतात. काय काम, कुठे, किती ते किती वाजता, वीज कोणी बंद केली आणि स्विचला कुलूप घातलं का, दोरी-पट्टा आहे का, खाली उभा राहणारा माणूस कोण, आणि काम संपल्यावर जागा कोणी पाहिली. वेल्डिंग झाल्यावर अर्धा तास तिथे माणूस थांबला पाहिजे; ठिणगी भुशात किंवा पडद्यात तेवढा वेळ दबा धरून बसते. शिडी लावताना चार हात उंचीला एक हात अंतर पायथ्याशी. निविदेतच या अटी घाला, सोबत कामगारांचे ईएसआयचे (राज्य कामगार विम्याचे) क्रमांक मागा. बिल अडलं की ठेकेदार लगेच सुधारतो.

आग आणि बंद दारं

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘बी’ फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. हा फॉर्म घरपोच मिळतो, बसल्या जागी. तसा घेऊ नका. एजन्सीच्या माणसासोबत स्वतः फिरा आणि त्याला होजरील (भिंतीवर गुंडाळून ठेवलेला पाण्याचा पाइप) सोडायला सांगा. पाणी किती लांब जातं ते डोळ्यांनी पाहा.

अग्निशामक यंत्र कुठलं, कुठे: सर्व्हर आणि महागड्या उपकरणांजवळ कार्बन डायऑक्साइड, स्वयंपाकघरात तेलाच्या आगीसाठीचं, सोडियम जिथे आहे तिथे कोरड्या वाळूची बादली, बाकी ठिकाणी पावडर. मुलांना प्रत्यक्ष हातात देऊन चालवायला लावा. मुदत संपत आलेली यंत्रं भरायला जाण्याआधी मैदानात रिकामी करायची, त्यात शिकवणंही होतं. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह याला बरा, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची गोष्टही सांगता येते, पण तोवर परीक्षा लागलेल्या असतात. आम्ही ऑगस्टमध्ये घेतो.

आता कुलपं. मुलींच्या वसतिगृहाला रात्री साडेनऊला बाहेरून जाळीचा सरकता दरवाजा ओढून कुलूप लावतात आणि चावी रेक्टरबाईंच्या उशाखाली असते. पालकांना यातच सुरक्षितता वाटते. रात्री दुसऱ्या मजल्यावर कोणाची पाणी तापवायची कॉइल बादलीत उकळत राहून प्लास्टिक पेटलं तर दोनशे मुली त्या जाळीशी येऊन थांबतील. यावर भांडण न करता तोडगा निघतो: आतून ढकलल्यावर उघडणारा आणि उघडताच भोंगा वाजणारा दांडा. मुली पळून जातील ही भीती भोंग्याने मिटते, आगीची भीती दांड्याने. तोवर दुसरी चावी काचेच्या पेटीत, दाराच्या आतल्या बाजूला. कॉइल जप्त करण्यापेक्षा गीझर चालू ठेवा. कॉइल आणली जाते कारण गरम पाणी येत नाही. आणि प्रत्येक मजल्यावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवून त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

बाकीचं, थोडक्यात

नाग, मण्यार, घोणस, फुरसे. रात्रीच्या सुरक्षारक्षकाला विजेरी आणि गमबूट द्या. दंश झाला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, अवयव हलू न देता दवाखान्यात. आणि विषावरची लस जवळच्या कुठल्या रुग्णालयात खरोखर असते हे आजच फोन करून विचारून ठेवा. मधमाश्यांच्या पोळ्याखाली एनसीसीची परेड ठेवू नका. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून गच्चीवरचे टायर, कुंड्या, कूलर रिकामे करा. झाडांच्या फांद्या मेमध्ये छाटायच्या तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज त्याच्या बराच आधी जायला हवा.

गॅदरिंग आणि युवा महोत्सवाला मंडपवाल्याची वायर, जनरेटर आणि दारं पाहा. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीन विद्यापीठात पाऊस आल्यावर सगळे आडोशाला एकाच दाराने प्रेक्षागृहात घुसले, चौघांचा जीव गेला. ‘पाऊस आला तर’ हे आधीच ठरवून मंचावरून सांगायला एक माणूस नेमा.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती वेगळी असते आणि वेगळीच राहावी. तिची नावं तेवढी तुमच्या पाट्यांवरही लावा. अंधारा रस्ता आणि बंद पडलेला दिवा हा विषय मात्र दोघींचा.

वहीत काय लिहायचं

अपघाताचं रजिस्टर सगळीकडे असतं आणि कोरं असतं. त्याऐवजी ‘थोडक्यात वाचलो’ अशी वही प्रत्येक मजल्यावर दोरीने बांधून ठेवा. नाव लिहायची सक्ती नको. आमच्या वहीतली एक नोंद अशी होती: ‘दु. ३.१०. ओव्हनचं दार उघडलं, आत कोणाचा तरी ॲसिटोनचा बीकर होता. भडका नाही झाला. ओव्हनवर पाटी नाही.’ एवढी पुरे. दुसऱ्या दिवशी पाटी लागली, आणि ती लागलेली पाहून पुढच्या आठवड्यात आणखी पाच नोंदी आल्या. उलट पहिल्याच नोंदीवर कोणाला मेमो दिलात, तर वही कायमची कोरी राहील.

मदतीचं पत्रक एका पानाचं: १०८, १०१, ११२, कॅम्पसचा दवाखाना, रात्रीचा ड्युटी इंजिनिअर. त्यावर त्या इमारतीचं नाव आणि ‘रुग्णवाहिकेला कुठल्या गेटने बोलवायचं’ हेही छापा. मागचं गेट जवळ असतं पण सहानंतर बंद, हे ड्रायव्हरला माहीत नसतं. एकदा संध्याकाळी सात वाजता कॅम्पसचीच गाडी घेऊन गेटपासून सर्वांत लांबच्या प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पाहा. आम्हाला अकरा मिनिटं लागली; त्यातली सहा एका दुभाजकाच्या साखळीपाशी गेली, जिची चावी, अर्थातच, कोणाकडे होती ते कोणाला ठाऊक नव्हतं.

समितीची बैठक दर महिन्याला, अर्धा तास, उभ्याने, आणि दर वेळी वेगळ्या इमारतीत. वायरमन आणि मुकादम हे निमंत्रित नव्हेत, सदस्य हवेत. इतिवृत्तात तीनच रकाने: काय, कोण, कधीपर्यंत.

शेवटचं काम आस्थापना विभागाकडे. माणूस निवृत्त होताना ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय, भांडार, क्वार्टर, सोसायटी यांच्या सह्या लागतात. त्यात एक सही वाढवून घ्या: ताब्यातल्या खोल्या, कपाटं आणि फ्रीज नव्या माणसाला उघडून दाखवले, आतल्या प्रत्येक बाटलीचं आणि यंत्राचं नाव सांगितलं, चाव्या मोजून दिल्या. ही सही झाल्याशिवाय पेन्शनची फाइल पुढे सरकणार नाही, असं एकदा ठरलं की तीस वर्षं न उघडलेली कपाटंही उघडतात. निवृत्तीच्या दिवशी नको, तीन महिने आधी उघडा. आत काय निघेल ते सांगता येत नाही आणि ते हलवायला वेळ लागतो.